उजव्या कडेचा ठिपका

"सापडला! अहो, सापडला! या इकडे सगळे!"

मी एवढ्या जोरात ओरडले की शेजारच्या ग्रंथालयातून ग्रंथपाल बाई चष्मा हातात धरून धावत आल्या.

"काय झालं गं बिडवे? आग लागली का कुठं?"

"लागली! आकाशात लागली! बघा ना इथं, उजव्या कडेला!"

त्यांनी संगणकाच्या पडद्यावर पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि "कार्टीचा आवाज म्हणजे," असं पुटपुटत परत गेल्या. त्यांचंही बरोबर होतं. माझा आवाज मुळातच बार्शीच्या बाजारातला आणि त्या दिवशी तर मी हवेतच होते. शर्मिष्ठा बिडवे, वय सव्वीस, पुण्यातल्या एका खगोलशास्त्र संस्थेत संशोधनाचं तिसरं वर्ष. नाव वडिलांनी तारकासमूहावरून ठेवलेलं. आणि आता आकाशात माझा स्वतःचा एक ठिपका सापडला होता, जो आजवर पृथ्वीवरच्या कुठल्याही माणसाला दिसला नव्हता!

ही सत्त्याण्णव सालच्या ऑक्टोबरमधली गोष्ट. आम्ही गॅमा किरणांचं आकाश बघायचो. बघायचो म्हणजे काय, एका परदेशी उपग्रहानं टिपलेली चित्रं सीडीवर यायची. गॅमा किरणांचा एकेक कण मोजून केलेलं चित्र म्हणजे नुसतं धुकं हो. कुठं चार कण, कुठं सहा, आणि आकाशगंगेचा पट्टा तर नुसता माखलेला. त्या धुक्यात एखादा खरा स्रोत लपलेला असेल तर तो ओळखायचा कसा? त्यासाठी मी तरंगिका वापरत होते. पुस्तकी नाव तरंगिका, आम्ही आपले 'टोपी' म्हणायचो, कारण तिचा आकार मेक्सिकन टोपीसारखा असतो. मध्ये उंचवटा आणि भोवती गोल खळगा. ही टोपी चित्रावर सगळीकडे फिरवायची. पसरट धुकं असेल तिथं उंचवटा आणि खळगा एकमेकांना खाऊन टाकतात, उत्तर शून्य. पण टोपीच्याच मापाचा उजेड कुठं असेल तर टोपी टुणकन वर उठते. ती किती उठली त्याचा आकडा पाचच्या वर गेला तर स्रोत खरा, पाचच्या खाली असेल तर योगायोग, हा आमचा हिशेब.

माझा आकडा आला होता सहा पूर्णांक दोन.

आठल्ये सर आले. आमचे मार्गदर्शक. उंच, वाळके, कायम हाफ शर्टाच्या खिशात शिसपेन्सिल. या माणसानं कुणाचं कौतुक केलेलं मी ऐकलं नव्हतं. फारच खूश झाले तर "हरकत नाही" म्हणायचे. ते पाच मिनिटं पडद्यासमोर नुसते उभे राहिले. मी एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत होते.

"आज पाच वाजता आपली नव्या स्रोतांची यादी बाहेर जायचीय," ते म्हणाले. "यात हा घालायचा म्हणतेस?"

"घालायचाच सर! घालायचा नाही तर काय!"

"तपासणार कोण?"

आमच्याकडे एक रीतच होती. ज्यानं शोधलं त्यानं तपासायचं नाही. दुसऱ्या कुणी तरी स्वतःच्या हातानं पहिल्यापासून सगळा प्रोग्राम चालवायचा आणि कागदावर 'आहे' किंवा 'नाही' लिहून सही करायची. 'नाही' आलं की विषय संपला, मग शोधणारा कितीही रडो.

"फिरोजशिवाय आहे कोण?" मी म्हणाले. म्हणताना जीभ जरा अडखळलीच.

फिरोज सतारमेकर माझ्याहून दोन वर्षांनी पुढे होता. मिरजेचा, पिढ्यान्‌पिढ्या सतारी करणाऱ्या घरातला. बोलणं हळू, काम चोख. त्यानं तीन वर्षं खपून जुन्या पद्धतीनं एक अंधूक स्रोत शोधला होता. त्याचा अख्खा प्रबंध त्या एका स्रोतावर उभा होता. आणि तीन महिन्यांपूर्वी तो तपासायला माझ्याकडे आला होता. त्याची जुनी पद्धत सोडून मी टोपीच लावली, आणि तिला त्या जागी काहीच दिसलं नाही. काहीच नाही म्हणजे शून्याच्याही खाली, चक्क खड्डा! मी कागदावर 'नाही' लिहिलं आणि सही ठोकली. फिरोजनं वाद घातला नाही. कागद वाचला, घडी घातली, "बरं" म्हणाला. पंधरा दिवसांनी कळलं, त्यानं मिरजेच्या एका शाळेत विज्ञान शिक्षकाची नोकरी धरलीय आणि प्रबंध सोडतोय.

आणि त्याचा जायचा दिवस नेमका हाच होता. दुपारी सव्वातीनची स्वारगेटहून एसटी. ट्रंक दाराशी बांधून ठेवलेली.

"जाता जाता माझं एवढं काम करशील का रे?" मी विचारलं. मला खरंच लाज वाटत होती.

"करतो की. त्यात काय," तो म्हणाला आणि माझ्या खुर्चीत बसला.

रीतीप्रमाणे मी बाहेर व्हरांड्यात. काचेतून त्याची पाठ दिसत होती. तास गेला, सव्वा तास गेला. एकदा तो पडद्याजवळ वाकला आणि बराच वेळ वाकूनच राहिला. मग त्यानं पेन काढलं, लिहिलं, सही केली आणि बाहेर येऊन कागद माझ्या हातात दिला.

'आहे. सहा पूर्णांक दोन. फि. स.'

"फिरोज! अरे फिरोज!" मी त्याचे दोन्ही हात धरून गदागदा हलवले. "तू देवमाणूस आहेस!"

"असू दे, असू दे," तो म्हणाला. हसला, पण मान वर केली नाही. "पुस्तकं द्यायचीत परत अजून. येतो मी. आणि बिडवे, पेढे मिरजेला पाठव बरं का!"

सरांनी यादीत शेवटची ओळ वाढवली आणि ते घरी गेले. एक ते चार सर घरी. जेवण, वामकुक्षी आणि मग पायी परत. यात कधी मिनिटाचा फरक नाही.

मी आपली मोठ्या प्रिंटरवर टोपी फिरवून आलेलं चित्र छापून घेतलं. चांगलं हातभर लांब. बार्शीला वडिलांना पाठवायचं होतं. शाळेत लावतील, गावभर सांगत फिरतील, हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर दिसायला लागलं होतं. घडी घातली तर चुरगळेल म्हणून कागदाची नळी केली आणि रबर लावायला डावी कड उजव्या कडेला जुळवली.

आणि रबर बोटातच राहिलं.

डाव्या कडेला एक पल्सार होता. पल्सार म्हणजे मेलेला तारा, भिंगरीसारखा फिरत गॅमा किरण फेकणारा. हा तर आमच्या चित्रातला सगळ्यात भडक. इतका कडेला की त्याचा गोळा कागदावर पुरता मावलाच नव्हता, अर्धा कापल्यासारखा दिसत होता. आणि उजव्या कडेला माझा ठिपका. तोही कापल्यासारखा. आता दोन्ही कडा जुळल्यावर ते दोन अर्धे एकमेकांना चिकटले आणि त्यांचा एक पूर्ण, देखणा, गोल गोळा झाला.

तो माझा स्रोत नव्हताच! तो त्या पल्सारचाच राहिलेला तुकडा होता. साठ अंश पलीकडे जाऊन पडलेला!

"अगं बयो," मी मोठ्यानं म्हणाले. खोलीत कुणी नव्हतं.

चूक कुठं झाली ते मला तिथंच उभ्या उभ्या कळलं. टोपी एकेका जागी नेऊन बसवायची तर दिवस दिवस लागतात. म्हणून आम्ही एक झटपट गणित वापरायचो. पण ते गणित असं धरून चालतं की चित्राची डावी कड उजवीला शिवलेली आहे, अगदी माझ्या हातातल्या नळीसारखी. एका कडेचं दुसऱ्या कडेला सांडू नये म्हणून चित्राभोवती रिकामी पट्टी जोडायची असते. हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही माहीत असतं. मलाही होतं! मी पट्टी जोडलीही होती. पण जुलै महिन्यात आमच्या जुनाट संगणकाची मेमरी पुरेना, म्हणून एका दिवसापुरती ती ओळ बंद केली होती. एका दिवसापुरती! आणि ती परत चालू करायची राहून गेली.

बरं, फिरोजनं तपासलं ते काय? त्यानं माझाच प्रोग्राम चालवला. तोच प्रोग्राम चालवल्यावर तीच चूक येणार, दुसरं काय येणार? इतकी वर्षं ही रीत पाळणाऱ्या आम्हा शहाण्यांच्या डोक्यात हे कधी आलं नव्हतं.

मी ती ओळ चालू केली. बाकी सगळ्यांचे प्रोग्राम बंद केले, चोरून, आणि सगळी मेमरी माझ्या कामाला लावली. सव्वा वाजला होता. पाऊण तास लागणार होता.

तेवढ्यात दारात फिरोज.

"निघतो गं. रिक्षा आलीय."

"हो का? अरे वा! जा, जा सांभाळून," मी म्हणाले आणि पडद्यासमोर अंग आडवं करून उभी राहिले. वेड्यासारखी हसत. त्याला सांगवेना. ज्याचं मी 'नाही' म्हणून घालवलं, त्याच्यासमोर माझंही घालवून उभं राहायचं? तो दोन क्षण थांबला, त्याला काही तरी बोलायचं होतं असं वाटलं, पण मग ट्रंक उचलून गेला.

दोनला पाच कमी असताना पडद्यावर चित्र आलं.

उजवी कड स्वच्छ. माझा ठिपका पुसल्यासारखा गेला होता. मला रडूच फुटलं, खोटं कशाला सांगू. ओढणीनं डोळे पुसले आणि पुन्हा पाहिलं, तर कडेपासून दोन बोटं आत काही तरी चमकत होतं. लहान, गोल, आखीव. तिथं आधी काय होतं? तिथं आधी खड्डा होता. तिथं तर फिरोजचा स्रोत होता!

अहो, बरोबरच होतं ना! टोपीला भोवती खळगा असतो. भडक पल्सारचा उंचवटा जसा उजव्या कडेला सांडला, तसा त्याच्या भोवतीचा खळगाही सांडला, आणि तो नेमका फिरोजच्या स्रोतावर जाऊन पडला. मी तीन महिन्यांपूर्वी तो गाडला होता, माझ्या बंद केलेल्या एका ओळीनं. आकडा पाहिला. पाच पूर्णांक नऊ!

आता पुढचं सांगते. ते सांगायला मला आजही आवडत नाही. मी उठले नाही. मी खुर्चीत बसून राहिले. यादीत माझी ओळ होती, खाली फिरोजची सही होती, फिरोज गेला होता, सर झोपले होते. पाच वाजता यादी गेली की माझं नाव लागणार. नंतर कधी तरी कुणी तरी चूक काढेल, नाहीही काढणार. घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं झाली तेव्हा मी तिथंच बसलेली होते.

मग एकदम माझा मलाच असा संताप आला की काय सांगू! दोन कागद छापले, ओढणी कमरेला खोचली आणि लूनाला किक मारली.

पाषाण ते स्वारगेट. ऑक्टोबरचं ऊन, डांबर वितळतंय की काय असं. विद्यापीठाच्या चौकात मला हवालदारानं शिट्टी मारली, मी "परत येते, परत येते!" असं ओरडत पुढे गेले. लक्ष्मी रस्त्यावर एका हातगाडीवाल्यानं माझ्या सात पिढ्यांची विचारपूस केली. मी काही ऐकत नव्हते. तोंडानं नुसतं चाललं होतं, "पाच पूर्णांक नऊ, पाच पूर्णांक नऊ."

स्वारगेटला पोचले तेव्हा मिरज गाडीचा कंडक्टर दार लावत होता.

"थांबा! थांबा हो मामा!"

"तिकीट?"

"जायचं नाही मला! एकाला उतरवायचंय!"

"काय भानगड हाय?" म्हणेपर्यंत मी आत. फिरोज मागून तिसऱ्या बाकावर, खिडकीशी. शेजारी एक आजीबाई मांडीवर पिशवी घेऊन बसलेल्या.

"बिडवे? तू इथं कशी?"

मला धाप लागली होती. पहिला कागद काढला, त्याच्या डोळ्यांसमोर धरला आणि गोल गुंडाळून दोन्ही कडा जुळवल्या.

"हे बघ. माझा खोटा आहे. पल्सारचा तुकडा आहे तो. मी पट्टी जोडलीच नव्हती."

तो चकित होईल असं मला वाटलं होतं. तो झाला नाही. नळीकडे बघत खालमानेनं म्हणाला, "हं. अर्धाच होता तो."

"म्हणजे?"

तो खिडकीबाहेर बघायला लागला.

"फिरोज, म्हणजे काय? तुला सकाळीच दिसलं होतं?"

"शंका आली होती," तो म्हणाला. "कडेला कापल्यासारखा वाटला. पट्टी बघावी असं मनात आलं होतं."

"मग बघितली का नाहीस?"

"कसं बघणार, सांग की! तू माझ्यावर 'नाही' लिहिलंस, आणि मी जायच्या दिवशी तुझ्यावर 'नाही' लिहायचं? सगळे काय म्हणाले असते? सूड उगवला म्हणाले असते. तूही म्हणाली असतीस. म्हटलं, जाऊ दे. मी तर चाललोय. निदान हिचं तरी होऊ दे."

मला इतका राग आला, इतका राग आला की हातातल्या नळीनं मी त्याच्या डोक्यात एक ठेवून दिली. अख्खी एसटी बघायला लागली.

"अगं मारू नगं गं," आजीबाई म्हणाल्या. "नवरा हाय का तुझा?"

"नाही हो आजी, मूर्ख आहे!" आणि मी दुसरा कागद त्याच्या मांडीवर आपटला. "चांगुलपणा दाखवतोय मला! बघ, तुझ्या चांगुलपणानं काय केलं असतं ते बघ! पट्टी जोडल्यावर माझा गेला. आणि हा कोण आला? ओळख!"

त्यानं कागद उचलला. आकाशातली ती जागा त्याला कुणी दाखवायची गरज नव्हती. तीन वर्षं तो तिथंच तर राहत होता. त्याचं बोट आपोआप त्या ठिपक्यावर गेलं आणि तिथंच थांबलं.

"किती?" त्यानं विचारलं.

"पाच पूर्णांक नऊ."

"खरं सांगतेस?"

"मी आज एवढा वेळ खोटं घेऊन बसले होते, आता पुरे झालं. दहा-पंधरा मिनिटं नुसती बसले होते, फिरोज. तुला सांगू की नको, म्हणून. आत्ता म्हण काय म्हणायचं ते."

त्यानं कागद छातीशी धरला आणि एकदम ताडकन उभा राहिला. "मामा! वरची ट्रंक काढा माझी!"

"आता? गाडी सुटायली!"

"काढा हो! पोरगं रडाय लागलंय, दिसत न्हाई का?" आजीबाई ओरडल्या. फिरोजच्या डोळ्यांतून खरंच धारा लागल्या होत्या आणि तो हसतही होता. मीही तेच करत होते. माझा गेला म्हणून रडू आणि त्याचा आला म्हणून हसू, कुठलं कुठून येतंय कळत नव्हतं.

ट्रंक फलाटावरच्या चहावाल्याकडे ठेवून आम्ही लूनावरून परत आलो. सव्वाचारला सरांसमोर उभे. मी सगळं सांगितलं. जुलैमधली ओळ सांगितली, दुपारची मिनिटं सांगितली. फिरोजनंही त्याचं सांगितलं. सर ऐकत होते, पेन्सिल टेबलावर वाजवत. मग त्यांनी फिरोजकडे पाहिलं.

"सतारमेकर, सही म्हणजे आहेर नव्हे."

"नाही सर."

"बसा बाहेर दोघंही. यादी आज जाणार नाही."

पहिल्यांदाच आम्ही त्यांना प्रोग्रामशिवाय काम करताना पाहिलं. कच्चं चित्र समोर घेऊन, त्यावर पेन्सिलनं वर्तुळ काढून, आतले आणि बाहेरचे कण ते एकेक करून मोजत होते. माझी टोपी नाही, फिरोजची पद्धत नाही. अगदी बोटांवर. आम्ही व्हरांड्यात पायरीवर बसलो होतो. दिवे लागायच्या सुमाराला दार उघडलं.

"पाच पूर्णांक चार," सर म्हणाले. "हरकत नाही."

फिरोजनं मला असं उचललं की माझी चप्पल व्हरांड्याच्या कठड्याबाहेर गेली.

त्याला सत्तावीस वर्षं झाली. शाळेची नोकरी त्यानं सोडली, प्रबंध पुरा केला आणि आता तो मिरजेतच कॉलेजात शिकवतो. मी पुण्यातच. तेव्हापासून माझं एकही काम त्याच्याकडून तपासून घेतल्याशिवाय बाहेर गेलेलं नाही. अट एकच, त्यानं ते माझ्या पद्धतीनं तपासायचं नाही. आजवर निम्मी तरी त्यानं परत पाठवली असतील, एकदा तर बक्षीस जाहीर होण्याच्या आदल्या दिवशी. परवा पुन्हा एक आलं. आठ महिन्यांचं काम. वर लाल अक्षरात दोनच शब्द, 'नाही. फि.'

मी ते वाचलं आणि लगेच त्याला फोन लावला. त्यानं उचलल्या उचलल्या मी ओरडले, "कुठं चुकलं रे?"

"बस जरा," तो म्हणाला, "बरंच आहे."